तालुक्याच्या छापखान्यातलं ‘स्मरणिका पॅकेज’: छपाई घ्या, मजकूर घेऊ नका

लग्नपत्रिका छापणारे बहुतेक छापखाने आता वर्षश्राद्धाची स्मरणिकाही ‘पॅकेज’मध्ये करून देतात. टायपिंग, फोटो स्कॅनिंग, मांडणी, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी, सगळं एकाच दुकानात. इथे परीक्षण आहे ते पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातल्या अशाच एका पॅकेजचं. छापखान्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण यातले दोष त्या एकट्याचे नाहीत. स्मरणिका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंची: घरात आई, शाळेत बाई, आणि संध्याकाळी बचत गटाच्या वह्या लिहिणाऱ्या.

आधी चांगलं ते. छपाई उत्तम आहे. 1/8 डेमी आकार, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, हातात नीट बसतो आणि पिशवीतही मावतो. आत 70 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, हा छपाईचा साधा, बिनचकाकीचा कागद, नॅचरल शेडचा. पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा हा म्हाताऱ्या डोळ्यांना बरा पडतो, आणि अशी पुस्तिका वाचणारे अर्धे लोक साठीच्या पुढचे असतात. मुखपृष्ठ 300 जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. अक्षर 14 पॉइंटचं घेतलंय, तेही योग्य. दुकानदार 11 पॉइंट सुचवतात, कारण पानं कमी होतात. ऐकू नका.

पानांची संख्या 16च्या पटीत ठेवा. या आकारात एका फॉर्मला, म्हणजे एकत्र छापून घडी घालायच्या मोठ्या कागदाला, 16 पानं बसतात. 64 पानं म्हणजे बरोबर चार फॉर्म. मजकूर 67 पानांवर गेला तर पाचवा फॉर्म सुरू होतो आणि उरलेली 13 पानं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या जाहिरातींनी भरली जातात. हे बहुतेक स्मरणिकांचं उघड गुपित आहे. प्रती दोनशेच्या आत असतील तर डिजिटल (थेट संगणकावरून होणारी) छपाई परवडतं, तीनशेच्या पुढे ऑफसेट (प्लेट बनवून होणारी). मधल्या आकड्याला दोन्ही दर मागा.

बांधणीत मात्र पॅकेज घसरतं. 64 पानांना ‘परफेक्ट बाइंडिंग’ (पानांच्या कडा कण्याला गोंदाने चिकटवणं) दिलंय, कारण कण्यावर नाव छापता येतं. या जाडीचा कणा जेमतेम चार मिलिमीटरचा, त्याला गोंद धरायला जागाच नाही. पुस्तक दोनदा सपाट उघडलं की मधली पानं सुटतात. इतक्या पानांना सेंटर पिन हवी, म्हणजे वहीसारखी मधल्या घडीवर मारलेली. पिन मारली तर आणखी एक सोय होते: 130 जीएसएम आर्ट पेपरची (गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदाची) आठ पानं बरोबर मध्यावर घालता येतात आणि सगळे फोटो तिथे एकत्र घेता येतात. मॅपलिथो शाई पितो, फोटोतले चेहरे काळवंडतात. या स्मरणिकेत शाळेच्या ग्रुप फोटोतली मागची रांग निव्वळ सावल्यांची झाली आहे.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. ग्रामीण शिक्षिकेचा तरुणपणीचा फोटो बहुधा एकच असतो, पासपोर्ट आकाराचा, एखाद्या अर्जावरचा. साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा तो फोटो छापखाना 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके) स्कॅन करतो आणि चार इंचांवर ताणतो. हाती येतो शंभर डीपीआयचा धूसर डाग. तोच 1200 डीपीआयवर स्कॅन केला तर चार इंचांवर सहज टिकतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातले खरबरीत, जाळीदार कागदावरचे रंगीत फोटो स्कॅनरखाली ठेवले की जाळीच उमटते. ते खिडकीच्या मंद उजेडात, फ्लॅश न लावता, कॅमेऱ्याने काढा. काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, काचेसकट काढा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून. आणि ग्रुप फोटो कापू नका. पुढे बसलेल्या मुलाच्या हातातली पाटी, तिच्यावर खडूने लिहिलेली इयत्ता आणि साल, हा त्या फोटोचा सगळ्यात विश्वासार्ह मजकूर असतो. या पुस्तिकेत बाईंचा चेहरा मोठा करण्याच्या नादात ती पाटीच कापली गेली आहे.

टायपिंग जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आलंय, आणि ते दिसतं. श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर बदलताना सगळ्यात आधी बळी जातो तो अर्धचंद्री ‘ऱ्य’. मुळात वाक्य होतं, ‘बाई दोन दऱ्या ओलांडून वस्तीशाळेत जायच्या.’ छापून आलं, ‘दोन दर्या ओलांडून’. शाळेत जाता-येता समुद्रच! जेवणाच्या ‘आचाऱ्यांना’ मानधन दिलं होतं, ते ‘आचार्यांना’ गेलं. पहिलं प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) आल्यावर ‘र्य’ असलेला प्रत्येक शब्द वेगळा तपासा. मांडणी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर त्यातली देवनागरी नीट जुळवणारी सोय, वर्ल्ड-रेडी कंपोजर, चालू आहे का, हे विचारायला लाजू नका. तो बंद असला की ‘शिक्षिका’ या शब्दातल्या वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात.

पॅकेजमध्ये प्रूफ एकदाच मिळतं, तेही मोबाइलवर पीडीएफ. तीन प्रुफं मागा आणि निदान शेवटचं कागदावर. नावांची यादी मजकूर लिहिणाऱ्याने नव्हे, गावातल्या एखाद्या जुन्या माणसाने वाचावी. इथे हयात असलेल्या एका सहशिक्षकांच्या नावामागे ‘कै.’ लागलंय, कारण वरच्या ओळीतून कॉपी झालं. ‘कै.’ हा सगळ्यांना चालणारा शब्दही नव्हे. बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ लिहितात, मुस्लिम घरांत ‘मरहूम’. छापखान्याच्या साच्यात एकच पर्याय असतो.

आता मजकूर. पॅकेजमध्ये ‘लेखन साहाय्य’ आहे, म्हणजे तयार परिच्छेद. मायेचा सागर, ज्ञानाचा दीप, त्यागाची मूर्ती. नाव बदललं की कोणालाही लागू. या 64 पानांत बाई कोणत्या साली कुठल्या शाळेत होत्या, हे एकदाही आलेलं नाही. ‘प्रेमळ पण शिस्तप्रिय’ मात्र अकरा वेळा आलंय.

शिक्षिकेच्या बाबतीत हे अक्षम्य आहे, कारण इतकी कागदपत्रं खेड्यातल्या दुसऱ्या कुठल्या बाईच्या नावावर क्वचितच असतात. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत घरात असेल तर नेमणूक, प्रत्येक बदली, रजा, सगळं तारखेनिशी सापडतं. नसेल तर शाळेतल्या जुन्या नोंदवह्या बघता येतात का, ते विचारा. जन्मतारीख 1 जून दिसली तर सावध राहा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख असू शकते. खरी तारीख माहेरच्या थोरल्या माणसांकडून घ्या आणि दोन्ही छापा. 1 जूनची नोंद असली की 58 वर्षांची सेवानिवृत्ती 31 मेला येते, हे पाहून नातवंडं गोंधळतात. माहेरचं नावही हवंच, नाहीतर डी.एड.च्या मैत्रिणींना कळणारच नाही की हे पुस्तक आपल्या मैत्रिणीचं आहे.

लोकांच्या आठवणींना साल नसतं, घटना असतात. ‘दुष्काळात बाई आल्या’ म्हणजे बहुधा 1972, ‘भूकंपाच्या वर्षी’ म्हणजे 1967 (कोयना) किंवा 1993 (किल्लारी). पल्स पोलिओच्या डोसाची आठवण 1995च्या आधीची असू शकत नाही. खानेसुमारीला उंबरे झिजवल्याची आठवण 1981, 1991 की 2001 ची, हे त्या वेळी बाई कुठल्या गावी होत्या त्यावरून लावता येतं. स्वयंसेवेचं काम सेवापुस्तकात नसतं. ते बचत गटाच्या ठराव वहीत असतं, अक्षरासकट. त्या वहीच्या एका पानाचा फोटो, जिथे बाईंच्या अक्षरात नावं आहेत आणि शेजारी सह्यांऐवजी अंगठे, आणि तीन वर्षांनंतरचं दुसरं पान, जिथे त्याच नावांपुढे वाकड्यातिकड्या सह्या आहेत. एवढी दोन पानं समोरासमोर छापली तर साक्षरतेवरचा वेगळा लेख लागत नाही. असं पान सापडलं नाही तर तो लेखही घालू नका.

लेख मागताना ‘दोन शब्द लिहा’ म्हणू नका. विचारा: बाईंच्या पिशवीत काय असायचं? मधल्या सुट्टीत त्या काय करायच्या? कोणत्या चुकीला छडी आणि कोणत्या चुकीला नुसतं बघणं? मुलांनी आपल्या आईबद्दल सगळ्यात शेवटी लिहावं, बाकीचं वाचून झाल्यावर. आईचं गावातलं अर्धं आयुष्य घरच्यांना तेव्हाच कळतं.

तारखेचा हिशेबही छापखान्यावर सोडू नका. वर्षश्राद्ध तिथीने असेल तर ते इंग्रजी तारखेच्या सुमारे 11 दिवस आधी येतं, आणि मध्ये अधिक मास पडला तर 18-19 दिवस उशिरा. दुकानदार पकडतो ती इंग्रजी तारीख. त्यामुळे इथे प्रती कार्यक्रमाला ओल्या गोंदासकट आल्या, आणि ओल्या बांधणीवर गठ्ठे दाबले की कणे वाकतात. तिथीच्या तीन आठवडे आधी शेवटचं प्रूफ मंजूर झालेलं हवं.

मुखपृष्ठावरचा क्यूआर कोडही पॅकेजमध्ये फुकट आहे. बाईंच्या आवाजातलं रेकॉर्डिंग त्यावर ऐकू येतं, पण फाइल छापखान्याच्या खात्यात. खातं साफ झालं की कोड नुसता चौकोन. फाइल कुटुंबाच्या खात्यात ठेवा.

छपाईला पाचपैकी चार, बांधणीला दोन, लेखन साहाय्याला शून्य. पैसे चुकते करण्याआधी पीडीएफसोबत मांडणीची उघडी फाइल, फाँट आणि मूळ स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या. आणि प्रती ताब्यात घेताना गठ्ठ्याच्या मधली एक उपसून 16, 32, 48 ही पानं उघडून बघा. उलटा किंवा दोनदा लागलेला फॉर्म तिथेच सापडतो, वरची प्रत कायम नीट असते.