कामावर दुखापत झाली: ईएसआय की मालकाकडून भरपाई?

यंत्रात हात सापडला, तर उपचाराचं बिल कुणाच्या नावावर? ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) कार्ड असेल तर ईएसआयच्या दवाखान्यात बिलाचा प्रश्नच येत नाही. कामावर जाता येत नाही तोवर सरासरी पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कमही मिळते. कार्ड नसेल तर मालकाकडून नुकसानभरपाईची वाट; ती आधी १९२३ च्या कायद्यात होती, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. त्यात उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा, म्हणजे बहुधा आधी खिशातून भरा, मग पावत्या दाखवा. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, महिन्याला जेमतेम निम्मा पगार. दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. रांगा, गर्दी सगळं धरूनही मला ईएसआयच बरं वाटतं. मालकाने टाळाटाळ केली म्हणून भरपाई ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत. अपघाताची नोंद मात्र त्याच दिवशी रजिस्टरमध्ये करून घ्या.