पुण्याहून मालवण: आंबोलीचा घाट की किनाऱ्याची वाट?

पुण्याहून मालवणला गाडीने जायचं ठरलं की घरात दोन गट पडतात. एक म्हणतो, कोल्हापूरमार्गे हायवेने जाऊ, आंबोली उतरलो की पोचलोच. दुसरा म्हणतो, ताम्हिणी उतरू आणि हरिहरेश्वरपासून समुद्र धरून खाली जाऊ. दोन्ही वाटांनी मी घरच्यांना घेऊन गेलो आहे, कधी आईवडील सोबत, कधी मुलं अगदी लहान असताना. नुसते किलोमीटर बघून ठरवलं तर फसगत होते. गाडीत मागे कोण बसलंय आणि हातात दिवस किती आहेत, हे आधी बघा.

पुण्याहून आंबोली सुमारे ३४० किलोमीटर. त्यातला बहुतेक भाग सरळ हायवे: खंबाटकी, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी. टोलनाके बरेच आहेत, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना ते आदल्या रात्रीच बघून ठेवा. निपाणीहून उत्तूर-आजरा, नाहीतर पुढे संकेश्वरहून गडहिंग्लज-आजरा असं वळायचं. ज्येष्ठांसाठी हा रस्ता सोयीचा, कारण दर तासाभराने बरं स्वच्छतागृह, चहा आणि जेवण मिळतं, आणि तशीच वेळ आली तर सातारा, कराड, कोल्हापूर अशी मोठी दवाखान्यांची गावं वाटेवरच आहेत. माझ्या वडिलांना दर दीड तासाने पाय मोकळे करावे लागतात. हायवेवर त्यासाठी कधी जागा शोधावी लागली नाही.

या वाटेची एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवायला हवी. सगळा अवघड भाग शेवटी येतो. सात-आठ तास गाडी चालवून डोळे जड झालेले असतात, उजेड कमी होत आलेला असतो, आणि तेव्हाच आंबोलीहून दाणोलीकडे उतरायचं असतं. एका जुलैत आम्ही तिथे संध्याकाळी सहाला पोचलो. धुकं इतकं खाली आलं होतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर सतत पाय न ठेवता, चढणाऱ्या गाड्यांना आधी वाट देत उतरलो. मागच्या सीटवर पूर्ण घाटभर कोणी एक शब्द बोललं नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे: मुक्काम वर आंबोलीत, घाट सकाळी.

मुक्कामाचा फायदा असा की आंबोली नीट बघून होते. लोक धबधब्याखाली फोटो काढून निघून जातात, पण मला विचाराल तर हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी तासभर द्या. गुहेतून पाणी येतं, पुढे कुंड, बाजूला दाट झाडी. याच पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाची २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली, त्याला नावही शिस्टुरा हिरण्यकेशी असं दिलं, आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. मुलांना हे आधी सांगून ठेवलं तर ती कुंडाच्या काठावरून हलत नाहीत.

आता किनारा. हा मालवणला जायचा रस्ता आहे असं समजून निघालात तर चिडचिड होईल. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गावांमध्ये खाडी असते. रस्ता सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, खाडीपर्यंत उतरतो, पूल ओलांडतो, पुन्हा सड्यावर चढतो. आम्ही ताशी ३० किलोमीटर धरून दिवस आखतो, आणि तो अंदाज सहसा चुकत नाही. ज्या मुलाला गाडी लागते त्याचे इथे हाल होतात. घाटात तासाभराचा त्रास, इथे दिवसभर वळणंच वळणं. त्याला पुढच्या सीटवर बसू द्या किंवा मध्ये, जिथून समोरचा रस्ता दिसेल तिथे, आणि मोबाइल हातात देऊ नका.

पण या वाटेवर तीन फेरीबोटी आहेत, आणि माझ्या मते सगळ्या सहलीचा जीव त्यातच आहे. बाणकोटच्या खाडीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, आणि शास्त्री नदीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड. दाभोळहून समोरचं धोपावे डोळ्यांना दिसतं, पण बोट नसेल तर चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. ओहोटी असली की जेटीचा उतार जास्त तिरका लागतो, काँक्रीटवर शेवाळ असतं. आम्हाला एकदा गाडी उलटी चढवावी लागली. बोटीवरचा माणूस हाताने इशारे करत होता, "येऊ द्या, येऊ द्या, बस!" लोखंडी फळीवर चाक चढताना धडाड आवाज झाला आणि माझी धाकटी आजीच्या पदराला घट्ट धरून उभी राहिली. बोट सुटल्यावर दोन मिनिटांत तीच कठड्यापाशी जाऊन पाणी बघत होती. गाडी चढवताना चालकाशिवाय सगळ्यांना खाली उतरवा आणि चालत बोटीवर घ्या. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा. सुटे पैसे जवळ असू द्या, कारण जेटीवर मोबाइलला रेंज असेलच असं नाही. आणि शेवटच्या बोटीच्या भरवशावर दिवस आखू नका.

मधली ठिकाणं सांगायला लागलो तर लेख पुरणार नाही. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा मासळीचा लिलाव, हेदवीची बामणघळ (समुद्राकाठच्या कातळातली अरुंद घळ), गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे येताना आरे-वारेचं ते वळण, जिथे समुद्र एकदम दोन्ही बाजूंनी उघडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जात असाल तर वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळू शकतात, पण त्यासाठी पहाटे उठायची तयारी हवी. रत्नागिरीच्या खाली राजापूरपर्यंत सड्यावर कातळशिल्पं आहेत, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं. कशेळीचा प्रचंड हत्ती बघताना तो एका नजरेत मावत नाही, कडेकडेने चालत त्याची सोंड शोधावी लागते.

ऋतूचं बोलायचं तर जून ते सप्टेंबर किनाऱ्याची वाट कुटुंबाला घेऊन करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. समुद्र खवळलेला असतो, बोटींचा नेम नसतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद असतात, मग मुलांना काय दाखवणार? आंबोली मात्र पावसाळ्यातच भरात असते. फक्त शनिवार-रविवार टाळा, धबधब्यापाशी गाड्यांची रांग हलत नाही. मे महिन्यात वर आंबोलीत गारवा, खाली किनाऱ्याला घामाच्या धारा. पण मे म्हणजे हापूस, त्यामुळे घाम कोणाला जाणवत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर किनारा सर्वांत चांगला.

चारच दिवस असतील तर प्रश्नच नाही, जाता-येता आंबोली. सहा-सात दिवस असतील, सोबतच्यांचे गुडघे बरे असतील आणि कोणाला गाडी लागत नसेल, तर किनारा. आमच्या घरात मात्र ठरून गेलंय की जाताना किनारा आणि येताना घाट. जाताना सगळे ताजे असतात, बोटीसाठी तासभर थांबायला कोणाची ना नसते. परतीच्या दिवशी दुसऱ्या दिवशीचं ऑफिस डोळ्यांपुढे असतं, तेव्हा हायवेच बरा. पहिला मुक्काम हरिहरेश्वर, दुसरा दापोलीच्या बाजूला, तिसरा गुहागर, चौथा रत्नागिरीजवळ, मग मालवण. वाटेत कोणी आजारी पडलं किंवा नुसतं दमलं तरी घाबरू नका. खेड, चिपळूण, हातखंबा, राजापूर अशा कुठल्याही फाट्याने मुंबई-गोवा हायवे गाठता येतो आणि उरलेली वाट सोपी होते.

परतताना सावंतवाडीला थांबणार असाल तर एक सांगून ठेवतो. घाट उजेडात चढायचा म्हणून तुम्ही सकाळी लवकर निघणार, आणि तेव्हा चितारआळीतली दुकानं उघडलेली नसतात. मुलांना लाकडी खेळणी हवी असतील तर ती आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा.