आळेफाट्याचं डिझेल गॅरेज : आवाज शोधण्याचे पाचशे रुपये

आवाज पहिल्यांदा पकडला तो टाकळी ढोकेश्वरच्या एका आजीबाईंनी. त्यांच्या बांधावर मी टोमॅटोच्या रोपांचे ट्रे उतरवून देत होते, पिकअप चालूच होती. आजी ओट्यावरून म्हणाल्या, "बाई, गाडीत कोण खलबत्ता कुटतंय का गं?"

मला वाटलं, रॅक. आमची रोपवाटिका नारायणगावजवळ. गाडीच्या हौद्यात लोखंडी अँगलचा रॅक बसवलाय, त्यात एकशे चार कप्प्यांचे ट्रे सरकवतो. त्याचा खडखडाट रोजचाच. घरी येऊन प्रत्येक सांध्यात जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबल्या, सुतळी आवळली. तरी खलबत्ता चालूच. मग रॅकच काढून ठेवला आणि रिकामी गाडी चालवली. ठक ठक ठक. आता मात्र पोटात गोळा आला, कारण आवाज बॉनेटखालून येत होता.

गाडी २०१८ ची, एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर झालेली, कॉमन रेल डिझेल (चारही सिलिंडरना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल जातं ती). सकाळी थंड असताना काही नाही. वीस-पंचवीस मिनिटं चालली, गरम झाली आणि आयडलला, म्हणजे रेस न देता नुसती चालू, उभी केली की सुरू. रेस दिली की गायब. आणे घाट भरल्या गाडीने चढले तरी गायब. वर पोहोचून चहाला थांबले की पुन्हा हजर. गाडी चालवताना ऐकूच येत नाही, त्यामुळे किती दिवसांपासून होता कोण जाणे.

आधीच्या दोन ठिकाणांची नावं लिहीत नाही. पहिलं मोठं वर्कशॉप. स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि सुपरवायझर माझ्या पुतण्याला म्हणाला, "बिग एंड गेलंय, हाफ इंजिन काढावं लागेल, मालकांना सांग." अंदाज बहात्तर हजार. मालक मी आहे आणि मी त्याच्या समोरच उभी होते. पुतण्या एकोणीस वर्षांचा, त्याला डिपस्टिक कुठे असते तेही नीट माहीत नाही. पण पँट त्याने घातली होती.

दुसऱ्याने इंजेक्टर धरला, सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो. तीन नंबरचा इंजेक्टर बदलला, पंधरा हजार सहाशे. आवाज तसूभरही हलला नाही. "चारशे किलोमीटर चालवा, सेट होईल," म्हणाला. सहाशे चालवली. सेट झालं ते त्याचं बिल.

मग बेल्ह्याच्या एका कांदा व्यापाऱ्याने हे गॅरेज सांगितलं. आळेफाट्यावरून बेल्ह्याकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याची शेड आहे. बोर्ड नाही. एक जुनं बॉनेट उभं करून ठेवलंय, त्यावर ऑइलपेंटने 'डिझेल' एवढंच लिहिलंय. मी दोनदा पुढे निघून गेले.

मिस्त्री साठीचे असतील. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उमेदीची वर्षं पंपाच्या टेस्ट बेंचशेजारी गेली म्हणे. अशा माणसाकडे आवाज शोधायला आलोय, हे कळल्यावर मी मनातल्या मनात हात जोडले. त्यांनी आधी दर सांगितला. आवाज शोधायचे पाचशे, मग तुम्ही काम इथे करा नाहीतर कुठेही करा. आणि मग पुतण्याकडे न बघता मला विचारलं, "ताई, गाडी तुम्ही चालवता ना? मग आवाज तुम्ही सांगा. मी नंतर ऐकतो."

पंधरा मिनिटं नुसते प्रश्न. थंड की गरम? लोडवर वाढतो की कमी होतो? क्लच दाबला की बदलतो? एसी लावल्यावर? ऑइल कधी बदललं? बंद करताना शेवटी एखादा ठोका येतो का? एसीचं मला सांगता येईना. लावून बघितला, तर ठोका जरा जड झाला. ते फक्त "हं" म्हणाले आणि डिपस्टिक ओढली.

इथून पुढचं नीट लिहिते, कारण पैसे त्याचेच होते.

पहिलं बेरिंग, म्हणजे तेच बिग एंड : कनेक्टिंग रॉड क्रँकला (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) जोडतो तिथलं. मोठ्या वर्कशॉपचं अगदीच वावगं होतं असं नाही, हे मिस्त्रींनीच सांगितलं. गरम झालं की ऑइल पातळ होतं आणि झिजलेलं बेरिंग तेव्हाच बोलायला लागतं. पण बिग एंडचा ठोका लोड आला की वाढतो, माझा तर घाटात गप्प बसत होता. तरी त्यांनी अंदाजावर सोडलं नाही. ऑइल फिल्टर काढला, छिन्नीने पत्रा कापला, आतला कागद घडीघडीने उन्हात उघडला. मला वाटलं लोहचुंबक फिरवतील. ते म्हणाले, बेरिंगचा मुलामा चुंबकाला लागत नाही, तो डोळ्यांनीच बघावा लागतो, चमक दिसते. चमक नव्हती. नुसता काळा चिकट कागद. मग नवा फिल्टर बसवला, ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे घड्याळवाला गेज लावला आणि मला गाडी गरम करून आणायला पाठवलं. गरम इंजिनला आयडलवर काटा दीडच्या थोडा वर, रेस दिल्यावर साडेतीनच्या पुढे. "बहात्तर हजार खिशात ठेवा," म्हणाले.

दुसरं इंजेक्टर. चालू गाडीत एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं. त्या सिलिंडरचा जाळ बंद होतो, इंजिन अडखळतं. ठोका त्याच सिलिंडरचा असेल, मग इंजेक्टरचा असो की कनेक्टिंग रॉडचा, तो मऊ पडतो किंवा जातो. चारही काढून बघितले. चारही वेळा इंजिन अडखळलं आणि ठोका होता तसाच. जुन्या गाड्यांना नोझलच्या पाइपचा नट सैल करून हेच करायचे. मी तसं काही बोलले तर त्यांनी जोरात हात हलवला. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही पुढे जातो, सैल नटातून उडालेलं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. घरी कोणी असा प्रयोग करत असेल तर आजच थांबवा.

पंधरा हजार सहाशेचा नवा इंजेक्टर तिथे चकाकत बसला होता. त्याच्याकडे मी बघितलं नाही.

तिसरा भाग मला सगळ्यात आवडला. गॅरेजमधल्या पोराने मोबाइलवर ठोका रेकॉर्ड केला आणि चौपट हळू करून वाजवला. मीटरमध्ये आयडल मिनिटाला आठशे फेरे. म्हणजे सेकंदाला तेरा-साडेतेरा फेरे, हे कानाने मोजणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. हळू केल्यावर मात्र मोजता येतं. दर फेऱ्याला एक ठोका असेल तर दहा सेकंदांत तेहतीसच्या आसपास भरतील. दोन फेऱ्यांना एक असेल तर सोळा-सतरा, कारण डिझेल पडणं, व्हॉल्व्ह उघडणं ही सगळी कामं प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच होतात. पोरगा बोटावर मोजत होता, मी मनात मोजत होते. त्याचे बत्तीस, माझे चौतीस. मिस्त्री हसले. "म्हणजे वरचं हेड, व्हॉल्व्ह असतात तो भाग, सोडा. क्रँकबरोबर फिरणारं काहीतरी आहे. एक टोक पुढचं, एक मागचं."

मागच्या टोकाला फ्लायव्हील आणि क्लच. क्लच दाबून-सोडून फरक पडत नव्हता, त्यामुळे तिकडचा संशय कमी झाला. मग दीड हात लांब पेचकस काढला. मूठ उजव्या कानामागच्या हाडाला, टोक इंजिनाला. संप (खालची ऑइलची टाकी), ब्लॉक, गिअरबॉक्सचं बेल हाउसिंग, शेवटी पुढचं टायमिंग कव्हर. मग पेचकस माझ्या हातात दिला. ओढणी आधी आवळून बांधायला लावली, पंख्यात जाईल म्हणून. ब्लॉकवर टोक टेकवलं तर आत मोठा कारखाना चालू असल्यासारखा घुमारा, आणि ठोका लांब, भिंतीपलीकडचा. पुढच्या कव्हरवर टेकवलं आणि दचकून हात मागे घेतला. कोणी थेट कवटीवर टकटक करतंय असं वाटलं. आठ वर्षं ही गाडी चालवतेय, तिच्या पोटात पहिल्यांदा कान घातला.

पुढचा बेल्ट उतरवून अर्ध्या मिनिटापुरती चालू केली (वॉटर पंपही त्याच बेल्टवर आहे, जास्त वेळ चालवायची नाही). आवाज गेला नाही, निम्मा झाला. अल्टरनेटर, टेन्शनर, एसीचा कॉम्प्रेसर हाताने फिरवून बघितले, सगळे गुळगुळीत. राहिली क्रँकची पुली.

ही पुली एकसंध नसते, हे मला तेव्हा कळलं. मध्ये लोखंडी गाभा, बाहेर लोखंडी कडं आणि दोघांच्या मध्ये रबराचा पट्टा चिकटवलेला. प्रत्येक जाळाला क्रँकला जो पीळ बसतो, त्याचा झटका ते रबर खातं. मिस्त्रींनी शाळेतला पांढरा खडू घेतला. गाभ्यापासून रबरावरून कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली, बेल्ट चढवला आणि गाडी पाच मिनिटं चालवली, दोन-चार रेस दिल्या. बंद करून टॉर्च मारला. गाभ्यावरची रेघ एकीकडे, कड्यावरची दोन बोटं पुढे. रबर सुटलं होतं, कडं स्वतःच्या मर्जीने फिरत होतं.

सगळ्या कोड्याचं उत्तर त्या दोन बोटांत होतं. थंड रबर घट्ट, म्हणून सकाळी गप्प. गरम झालं की सैल. आयडलला इंजिन झटक्याझटक्याने फिरतं म्हणून कडं आदळतं, रेसला फिरणं एकसारखं होतं म्हणून शांत. एसी लावला की बेल्टवर ओढ वाढते, म्हणून जड ठोका. "असंच चालवलं तर?" मी विचारलं. एक दिवस कडं निखळून बेल्ट पडतो, म्हणाले. चार्जिंग बंद, पाणी फिरायचं बंद. आमच्या गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे आहे, म्हणजे ब्रेकही दगडासारखा होणार. आणि झटके खायला कोणी उरलं नाही तर पुढेमागे क्रँकही तुटू शकतो. त्या आठवड्यात मी आणे घाट चार वेळा उतरले होते.

आता तक्रारी. पुली त्यांच्याकडे नव्हती. आळेफाट्यावर एक लोकल मिळत होती, अर्ध्या किमतीत. त्यांनी नखाने रबर खरवडून दाखवलं आणि परत पाठवली. ओरिजनल पुण्याहून नाना पेठेतून एसटीच्या पार्सलने आली, त्यात दीड दिवस गेला. कारण पटलं, पण रोपवाटिकेत बावीस दिवसांची रोपं तयार होती आणि रोपं कोणासाठी थांबत नाहीत, ट्रेमध्येच लांबतात. दुसऱ्याची गाडी भाड्याने घ्यावी लागली. पुली यायला दीड दिवस लागणार हे मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळी फोनवर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. फोन ते उचलत नाहीत. कानाला फोन लागलेला मी त्यांना एकदाही पाहिला नाही.

बिल म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावरचा हिशेब. पुली चार हजार दोनशे, बेल्ट नऊशे, फिल्टर तीनशे, मजुरी आठशे, शोधायचे पाचशे. सहा हजार सातशे. छापील पावती हवी असेल तर इथे मिळणार नाही. बसायला एक सीट आहे, कुठल्यातरी जीपची, तिच्यातली स्प्रिंग वर आलीय. बायकांसाठी संडासाची सोय नाही. पुढे अर्ध्या किलोमीटरवर हॉटेल आहे, तिथे जावं लागतं. दोन दिवस बसायचं असेल तर हा मुद्दा छोटा नाही.

दोन महिने झाले, सहा हजार किलोमीटर झाले, आवाज नाही. आजीबाईंकडे मागच्या आठवड्यात मिरचीची रोपं घेऊन गेले, गाडी मुद्दाम चालू ठेवली. त्यांनी मिरचीच्या भावावरून घासाघीस केली, गाडीकडे बघितलंही नाही.

कोणी जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, दुपारी ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागते. आवाज गरम गाडीत येत असेल तर तशीच चालू घेऊन जा. थंड असताना येत असेल तर आदल्या रात्री गाडी तिथेच लावून या, शेडच्या मागे जागा आहे. एखादा जाणता माणूस बरोबर न्यायची गरज नाही. फक्त गाडी रोज चालवणाऱ्याने स्वतः जा, कारण प्रश्न त्यालाच विचारतात.