जँगो की एक्सप्रेस : चुका हाताळण्याच्या दृष्टीने

वेब ॲप्लिकेशनच्या संदर्भात ‘एरर’ हा एकच शब्द निदान तीन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो : मागितलेली नोंद अस्तित्वात नसणे, वापरणाऱ्याने चुकीची किंवा अधिकाराबाहेरची मागणी करणे, आणि आपल्याच कोडमध्ये बग असणे. पहिल्या दोहोंत सर्व्हरचे काहीच बिघडलेले नसते. तिसऱ्यात कोणाला तरी रात्री उठावे लागते. पायथॉनवरील जँगो आणि नोडवरील (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवरील) एक्सप्रेस या दोन फ्रेमवर्कांतून, म्हणजे वेब ॲप्लिकेशन उभारण्याच्या तयार चौकटींतून, निवड करताना हे प्रकार वेगळे ठेवण्याचे काम फ्रेमवर्क करते की ते आपल्यावर येते, हे प्रथम पाहावे.

जँगोत ही विभागणी एक्सेप्शनच्या (कोड चालताना उठणाऱ्या चुकीच्या इशाऱ्याच्या) क्लासवरून, म्हणजे प्रकारावरून, होते. व्ह्यूमधून (मागणीला उत्तर देणाऱ्या कोडमधून) ‘एचटीटीपी४०४’ रेज केले की उत्तराचा स्टेटस ४०४ (सापडले नाही), ‘परमिशनडिनाइड’ केले की ४०३ (परवानगी नाही), आणि कोणीच न पकडलेल्या एक्सेप्शनला ५०० (सर्व्हरची चूक). डिबग (कोड लिहिताना चुकांचा तपशील दाखवणारे सेटिंग) बंद असून ईमेलची सोय केलेली असेल, तर ५०० आल्यावर ‘ॲडमिन्स’ सेटिंगमधील पत्त्यांवर ट्रेसबॅकसह (चूक कोडमध्ये कुठून कुठे आली याच्या मागोव्यासह) मेल जातो, आणि नावात पासवर्ड किंवा टोकन असलेल्या सेटिंग्जच्या जागी त्यात फक्त तारे दिसतात. एवढे सारे आयते मिळते. उणीव आहे ती एपीआयच्या (दुसऱ्या प्रोग्रामला माहिती पुरवणाऱ्या सेवेच्या) बाबतीत : जँगोची मूळ त्रुटीपाने एचटीएमएलमध्ये असतात. रेस्ट फ्रेमवर्क ही एपीआयसाठीची जोड लावल्यास ओळखीच्या चुका जेसन या प्रोग्रामांना वाचता येणाऱ्या स्वरूपात येतात; मात्र अनपेक्षित एक्सेप्शन त्याच्याही हातून सुटून मूळ ५०० च्या पानावरच पोहोचते, आणि जेसनची वाट पाहणारे मोबाइल ॲप तिथे अडखळते.

एक्सप्रेसमध्ये सर्व चुकांना वाट एकच : चार आर्ग्युमेंटे घेणारे मिडलवेअर (मागणी आणि उत्तर यांच्या वाटेत बसवलेले फंक्शन), जे सर्व राउटांच्या, म्हणजे पत्त्यानुसार मागणी हाताळणाऱ्या कोडच्या, नंतर लावावे लागते. उत्तराचा साचा पूर्णपणे आपल्या हाती राहतो, हा याचा खरा फायदा. पण प्रकार ओळखणे, स्टेटस ठरवणे आणि कोणाला कळवणे हेही आपणच लिहायचे. ४०४ तर येथे चूक मानलीच जात नाही, त्यासाठी शेवटी वेगळे मिडलवेअर लावावे लागते. शिवाय फ्रेमवर्क आर्ग्युमेंटांची संख्या मोजूनच एरर हँडलर, म्हणजे वरील चुकांचे मिडलवेअर, ओळखते. त्यामुळे न वापरलेले ‘नेक्स्ट’ (काम पुढे सोपवण्यासाठीचे शेवटचे आर्ग्युमेंट) कोणी टापटिपीसाठी काढून टाकले, तर तो हँडलर मुकाट्याने साधे मिडलवेअर बनतो. हा दोष शोधताना भल्याभल्यांचा दिवस जातो.

सर्वांत मोठा फरक मात्र असिंक कोडमध्ये, म्हणजे एखाद्या कामाच्या निकालासाठी बाकी सारे न थांबवणाऱ्या कोडमध्ये, पडतो. एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीत असिंक हँडलरमधील रिजेक्ट झालेले प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या निकालाचे वचन, जे फसले) एरर हँडलरपर्यंत पोहोचतच नाही. ते आपण पकडून ‘नेक्स्ट’कडे दिले नाही, तर रिक्वेस्ट लटकून राहते, आणि नोड १५ पासून तर अशा न हाताळलेल्या प्रॉमिसमुळे सारी प्रोसेसच बंद पडते. २०२४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत अशी प्रॉमिसे आपोआप पुढे पाठवली जातात. जुन्या धाटणीच्या कॉलबॅकमधील (काम संपल्यावर बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनांमधील) चुका मात्र अजूनही स्वतःच पुढे द्याव्या लागतात.

पाने सर्व्हरवर तयार होणार असतील आणि संघ दोन-तीन जणांचा असेल, तर माझे मत जँगोच्या बाजूने आहे. निव्वळ जेसन एपीआय असेल आणि संघ जावास्क्रिप्टमध्ये मुरलेला असेल, तर एक्सप्रेस घ्यावे, पण पाचवी आवृत्तीच. चौथ्या आवृत्तीवरचा चालू प्रकल्प हाती आला, तर नवे काही लिहिण्याआधी त्यातील प्रत्येक असिंक राउट तपासावा. प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) ‘नोड_एन्व्ह’ या सेटिंगचे मूल्य ‘प्रॉडक्शन’ आहे ना, हेही तेव्हाच पाहावे. नसल्यास एक्सप्रेसचा मूळ हँडलर संपूर्ण स्टॅक ट्रेस (चुकीचा कोडमधील मागोवा) वापरणाऱ्याच्या पडद्यावर दाखवतो.