पनामा कालवा: नऊ वेळा पार केला, त्यावरून लिहितो

मोटरपंपाचा, ड्रिपच्या नळ्यांचा, हायवेवरच्या ढाब्याचा रिव्ह्यू सगळेच लिहितात. मी एका कालव्याचा लिहितोय. मी रावेर तालुक्यातला, तापीकाठचा, घरी केळी. बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत रीफर जहाजांवर इलेक्ट्रिशियन होतो. रीफर म्हणजे पोटात कोल्ड स्टोरेज असलेलं जहाज. इक्वेडोरच्या ग्वायाकिल बंदरात केळी भरायची आणि पनामातून युरोपात पोचवायची. केळीवाल्याचा पोरगा इतक्या लांब गेला आणि तिथंही केळीच राखत बसला, असं आई म्हणायची. माल १३.३ अंशांवर धरावा लागतो. त्याच्या खाली गेला की साल काळवंडते, वर गेला की वाटेतच पिकायला लागतो. त्यामुळे कालव्यात किती तास जाणार, हा माझ्या नोकरीचा प्रश्न होता.

आज लिहायला बसलो, कारण २० जानेवारी २०२५ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी शपथविधीच्या भाषणातच सांगितलं, पनामा कालवा चीन चालवतोय, तो आम्ही परत घेणार. दुसऱ्या दिवशी पारावर पोरांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "काका, तुम्ही तर तिथून गेलेले. चुकीचं काय त्यात? बांधला तर त्यांनीच ना?" तेव्हा मी अर्धवट काहीतरी बोलून उठलो. तेच आता नीट सांगतो.

आधी सेवा कशी आहे ते. पॅसिफिककडून येताना बाल्बोआच्या बाहेर नांगर टाकून नंबराची वाट बघायची. मग पायलट, म्हणजे जहाजाचा वाटाड्या, शिडीने वर चढतो आणि जहाज ताब्यात घेतो. दुसऱ्या बंदरांत पायलट सल्ला देतो, हुकूम कॅप्टनचाच चालतो. इथे हुकूम पायलटचा, आमचे कडक कॅप्टनसुद्धा बाजूला उभे राहायचे. मिराफ्लोरेसच्या लॉकच्या, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणाऱ्या हौदाच्या, दाराशी आलं की साध्या वल्ह्याच्या होडीतून दोन माणसं दोरी घेऊन येतात. एवढं अवाढव्य जहाज अंगावर येतंय आणि हे दोघे त्याच्या नाकाखाली शांतपणे गाठ मारताहेत! ती दोरी वर ओढली की तिच्यामागून पोलादी तार येते, आणि तारेचं दुसरं टोक रुळावरच्या इंजिनाला. त्या इंजिनांना तिथे खेचरं म्हणतात. जहाज चालतं स्वतःच्या मशीनवर, खेचरं त्याला फक्त मधोमध धरून ठेवतात. जुन्या लॉकची रुंदी साडेतेहतीस मीटर. सगळ्यात मोठं जहाज त्यात शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-दोन फूट उरतात. शेजारच्या लेनमध्ये असं एक जहाज मी अगदी जवळून पाहिलंय. ओल्या काँक्रीटवरचं हिरवं शेवाळ आणि जहाजाचा लाल पत्रा, मधे फक्त पाण्याची एक काळी पट्टी.

मग मागचं दार बंद होतं आणि पाणी चढायला लागतं. आठ-दहा मिनिटांत जहाज वर. पंप एकही नाही. वरच्या तळ्याचं पाणी नुसत्या उताराने खाली येतं आणि हजारो टनांचं जहाज उचलून धरतं. ज्याने रात्री दोनला लाइट आली म्हणून बॅटरी घेऊन शेतात धाव घेतलीय, त्याला हे बघून काय वाटतं ते आपल्याकडे समजावून सांगावं लागणार नाही. मिराफ्लोरेसला दोन पायऱ्या, पेद्रो मिगेलला एक. मग कुलेब्राचा डोंगर कापून काढलेली खिंड, पुढे समुद्रापेक्षा २६ मीटर उंचावरचं गाटुन तळं आणि पलीकडे तीन पायऱ्या उतरून अटलांटिक. साधारण ८० किलोमीटर, आठ-दहा तास. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या जहाजाचे यात सुमारे १३ हजार किलोमीटर वाचतात.

मी पहिल्यांदा गेलो १९९८ला, अमेरिकेच्या काळात. पायलट अमेरिकन होता, पण होडीतले, दोरांवरचे, खेचरांवरचे सगळे पनामाचेच. ३१ डिसेंबर १९९९च्या दुपारी कालवा पनामाच्या हातात गेला. त्यानंतर २००१ला गेलो तेव्हा मेसमध्ये चर्चा एकच: आता बोंब होणार, चार-चार दिवस पडून राहणार. या वेळी पायलट पनामाचा होता. नंबर लागला, पार झालो, माझ्या लॉगबुकात तापमानाच्या रकान्यात तेच १३.३. पुढच्या सात वेळीही मला फरक दिसला तो एवढाच, की काम आणखी सफाईदार झालं. अमेरिकेने मोठ्या जहाजांसाठी तिसरे लॉक बांधायला १९३९ला घेतले होते आणि युद्धामुळे १९४२ला सोडून दिले. ते स्वप्न पनामाने पूर्ण केलं. २००६ला जनतेचं मत घेतलं, खोदलं आणि जून २०१६ला ५५ मीटर रुंदीचे नवे लॉक उघडले. चालवायला दिलेली वस्तू जो वाढवून दाखवतो, त्याच्या हातून ती का काढून घ्यायची?

आता "बांधला तर त्यांनीच" याचं. बांधला, खरं आहे, आणि ते काम लहान नव्हतं. सुएझ कालवा काढणाऱ्या दे लेसेप्सच्या फ्रेंच कंपनीने १८८१ला सुरुवात केली आणि पीतज्वर-मलेरियात वीस हजारांवर माणसं गेली, तेव्हा ती बुडाली. अमेरिकेने १९०४ला काम हातात घेतलं, आधी डासांचा बंदोबस्त केला आणि १५ ऑगस्ट १९१४ला कालवा सुरू केला. डासामुळे मलेरिया होतो हा शोध रॉस साहेबाने १८९७ला आपल्या सिकंदराबादेत लावला होता, हे जहाजावर मी अभिमानाने सांगायचो. पण अमेरिकी काळातही ५,६०९ माणसं मेल्याची नोंद आहे, आणि त्यात सर्वांत जास्त होते बार्बाडोस, जमैकासारख्या बेटांवरून आणलेले काळे मजूर. पैसा आणि डोकं अमेरिकेचं, घाम आणि जीव बऱ्याच अंशी दुसऱ्यांचा.

शिवाय जमीन मिळाली कशी तेही बघा. नोव्हेंबर १९०३ला पनामा कोलंबियापासून फुटला, आणि पंधरा दिवसांत करार झाला. पनामाकडून सही केली एका फ्रेंच माणसाने! पनामाची माणसं वॉशिंग्टनला पोचायच्या आधीच कागद झाला होता. एक कोटी डॉलर रोख, वर्षाला अडीच लाख, आणि दहा मैल रुंदीचा पट्टा कायमचा अमेरिकेचा. घरात नसलेल्या माणसाच्या शेताचं खरेदीखत असं झालं, तर आपण कोर्टात किती पिढ्या भांडलो असतो? ते लोकही भांडले. ९ जानेवारी १९६४ला त्या पट्ट्यात पनामाचा झेंडा लावण्यावरून दंगल पेटली, त्यात पनामाची वीसहून अधिक माणसं मेली. १९७७ला अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर आणि पनामाचे नेते तोरिहोस यांनी कालवा पनामाला द्यायच्या करारावर सह्या केल्या, अमेरिकेच्या सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मान्यता दिली. हा कागद दोघांनी शुद्धीत केलेला आहे. त्यातच लिहिलंय की कालवा सगळ्यांना खुला राहील, आणि तो तटस्थ ठेवण्यासाठी त्याचं रक्षण करायचा हक्क अमेरिकेला राहील.

राहिला चीनचा मुद्दा. दोन्ही टोकांची दोन बंदरं १९९७च्या करारात एका हाँगकाँगच्या कंपनीकडे गेली होती, त्याची अमेरिकेला काळजी वाटणं मी समजू शकतो. पण बंदरात माल चढतो-उतरतो. लॉकची दारं, पायलट, नंबर हे सगळं पनामाच्या कालवा प्राधिकरणाकडे. दर जहाजाच्या प्रकारावर आणि आकारावर लागतो, झेंड्यावर नाही.

मला खरी काळजी आहे ती पाण्याची. एक जहाज जुन्या लॉकमधून पार झालं की सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. तेही गाटुन तळ्याचं, ज्यावर पनामाच्या निम्म्याहून अधिक लोकांचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे. नव्या लॉकमध्ये बाजूच्या टाक्यांत साठवून ६० टक्के पाणी पुन्हा वापरतात, तरी पाऊस तर पडायला हवा. २०२३ला पुरेसा पडला नाही. रोजची ३६ जहाजं २२वर आणावी लागली. आमच्याकडे रावेर-यावलमध्ये बोअर दर वर्षी खोल जातात, म्हणून ती बातमी वाचताना पोटात गोळा आला.

आणि इथे मी गुण कापतो. त्या टंचाईत त्यांनी नंबरांचा लिलाव केला, आणि एका जपानी कंपनीने रांगेत पुढे जायला जवळपास ४० लाख डॉलर मोजले. माझं आजोळ पांझरेकाठी, फडाच्या गावात. फड म्हणजे पाटाच्या पाण्यावर एकत्र भिजणारा शेतांचा पट्टा. तिथे पाणी कमी असलं की गाव आधी ठरवतं, यंदा किती फड भिजवायचे. प्रत्येकाचा तुकडा वेगवेगळ्या फडांत असतो, त्यामुळे तोटाही सगळ्यांच्या वाट्याला येतो. पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा गडी, वरून पाणी सोडत येतो, जो पैसेवाला त्याचं आधी असं चालत नाही. मामांच्या पाटकऱ्याला मी लहानपणी खांद्यावर फावडं घेऊन पाटाच्या कडेने चालताना पाहिलंय. मामासुद्धा त्याच्यापुढे आवाज चढवत नसत. पनामाने तेवढं शिकावं. तसंच आता पाणी वाढवायला रिओ इंदियो नदीवर धरण घालायचं चाललंय आणि त्या खोऱ्यातले शेतकरी गावं बुडणार म्हणून रस्त्यावर आलेत. आपल्या नंदुरबारकडे सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेली गावाचं काय झालं ते बघितलेल्या माणसाला त्यांची बाजू कळते.

पण हा सगळा हिशेब तिथल्या माणसांनी तिथेच बसून सोडवायचा आहे. बाहेरचं लष्कर आलं म्हणून गाटुनमध्ये एक बादली पाणी वाढणार नाही. जंगल राखणारे, धरणाला जमीन देणारे किंवा नाकारणारे, होडीतून दोरी आणणारे सगळे पनामाचे. ते नाराज झाले तर कालवा कोण चालवणार? माझं मत पक्कं आहे: अमेरिकेने कालवा परत घेऊ नये. पाच तारे देतो, अर्धा लिलावासाठी कापून.

आपल्या भागातली जी पोरं आता मर्चंट नेव्हीत जाताहेत, त्यांना एक सांगणं. पहिल्या वेळी ड्यूटी कोणाशी तरी बदलून घ्या, मिराफ्लोरेस यायच्या आधी पुढच्या डेकवर जाऊन उभे राहा. होडीतले दोघे आले तर वरून हात करा. वल्हं सोडून हात हलवतात ते.