वृद्धांच्या देखभालीचं सहा दिवसांचं ट्रेनिंग : माझा अनुभव

जुळे सोलापुरातल्या वृद्धाश्रमात मी आठ वर्षं कामाला आहे. मॅडमनी आम्हा चौघींना या ट्रेनिंगला धाडलं तेव्हा वाटलं, आता आम्हाला आणि काय शिकवणार? पहिल्याच दिवशी तोंड गप्प झालं.

पलंगावर खाली घसरलेल्या आजींना आम्ही काखेत हात घालून वर ओढायचो. सिस्टर म्हणाल्या, असं ओढलं की खांदा दुखावतो आणि पाठीची नाजूक कातडी सोलते. मग त्यांनी आपली सोलापुरी चादरच दुहेरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घातली. दोन्ही बाजूंनी दोघी, "एक, दोन, तीन", की माणूस अलगद वर! माझ्या कमरेनं आशीर्वादच दिले असतील.

दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवताना ताठ बसवणं, जेवणानंतर अर्धा तास आडवं न करणं, सगळं हातानं करून घेतलं. एकमेकींना दहीभातही भरवायला लावला. समोरचीनं पहिला घास गिळायच्या आत दुसरा चमचा कोंबला, तेव्हा कळलं हो.

विसरण्याच्या आजारावर मात्र एकच तास, तोही नुसता पडद्यावर. आमच्याकडच्या एक आजी दिवेलागणीला "घरी जायचंय" म्हणून तेलुगूत रडतात. त्यांना काय सांगायचं, ते विचारायला वेळच उरला नाही.

खोलीत पंखा एक, महिना मे. सर्टिफिकेट अजून यायचंय. चार स्टार.