फोटो-हॉलचा घडीचा प्लेट कॅमेरा: ९×१२ की ६.५×९?

प्लेट कॅमेरा म्हणजे काचेच्या प्लेटवर फोटो घेणारा जुना कॅमेरा. त्यावर पॅरिसच्या फोटो-हॉल या दुकानाचं नाव असलं, तरी तो बनवणारा बहुधा दुसराच. त्यामुळे विकत घेताना नाव सोडा, प्लेटचं माप बघा.

९×१२ सेंमीची निगेटिव्ह थेट कॉन्टॅक्ट प्रिंटला (निगेटिव्ह कागदावर टेकवून त्याच मापाचा फोटो) पुरते, एन्लार्जर (फोटो मोठा करणारं यंत्र) लागत नाही. लेन्स साधारण १३५ मिमी. वजन मात्र जास्त. ६.५×९ला १०५ मिमी, कॅमेरा सुटसुटीत. जुळणारा रोलफिल्म होल्डर (गुंडाळीची फिल्म धरणारा मागचा डबा) मिळाला, तर १२० फिल्मही चालते.

खरी अडचण होल्डरची, म्हणजे प्लेट धरणाऱ्या चपट्या डबीची. खाचा कॅमेऱ्यागणिक वेगळ्या, म्हणून होल्डरशिवाय कॅमेरा घेऊच नका. प्लेटऐवजी सुटी फिल्म वापरली, तर ती काचेपेक्षा पातळ, तिला पत्र्याची शीथ (पातळ चौकट) हवी. नाहीतर फोकस चुकतो. भात्याच्या (लेन्समागच्या घड्यांच्या आवरणाच्या) कोपऱ्यांतली भोकं अंधारात टॉर्चने तपासा.

घरी कॉन्टॅक्ट प्रिंट काढणाऱ्याने ९×१२ घ्यावा, फिरस्त्याने ६.५×९.